युद्धकालीन वृत्तछायाचित्रांचा संग्रह

युद्धकालीन वृत्तछायाचित्रांचा संग्रह म्हणजे युद्धाच्या काळात वृत्तपत्रे, सचित्र साप्ताहिके, वृत्तसंस्था आणि सैन्याचे प्रसिद्धी विभाग यांनी तयार केलेली चित्रे मूळ स्वरूपात मिळवणे, ओळखणे आणि जतन करणे होय. छायाचित्रांच्या कागदी प्रती, लाकडी ठशावरून छापलेली चित्रे, शिळाछाप चित्रे, चित्रांकित पोस्टकार्डे आणि वृत्तपत्रांचे मूळ अंक यांचा त्यात समावेश होतो. खासगी संग्राहकांबरोबरच ग्रंथालये, संग्रहालये व विद्यापीठेही या क्षेत्रात कार्यरत आहेत.

या वस्तूंचे मोल केवळ चित्राच्या विषयावर ठरत नाही. वृत्तछायाचित्राची प्रत हे मुळात वृत्तपत्राच्या कामाचे साधन होते. त्यामुळे तिच्या पाठीवरील शिक्के, तारखा, चिकटवलेला मजकूर आणि संपादकाच्या खुणा यांतून ते चित्र कोणी काढले, कोणी तपासले, कोणी अडवले आणि लोकांपुढे ते कोणत्या रूपात गेले हे कळते. पाठीवरील या नोंदी नष्ट झाल्या, तर चित्र शिल्लक राहते, परंतु त्याची साक्ष मोठ्या प्रमाणात नाहीशी होते.

## व्याप्ती

या संग्रहाचे दोन मुख्य भाग पडतात. पहिला भाग छापील चित्रांचा असून त्यात वृत्तपत्राच्या पानावर शाईने छापलेली चित्रे येतात. ही चित्रे हजारोंच्या संख्येने छापली जात, त्यामुळे ती तुलनेने सहज मिळतात. दुसरा भाग छायाचित्रांच्या प्रतींचा आहे. या प्रती प्रकाशसंवेदी कागदावर अंधारखोलीत काढलेल्या असतात व वृत्तपत्राच्या कार्यालयात किंवा वृत्तसंस्थेत वापरण्यासाठी मोजक्याच संख्येने तयार होत. विसाव्या शतकातील अशा बहुतेक प्रती सिल्व्हर जिलेटिन प्रकारच्या, चकचकीत पृष्ठभागाच्या आणि साधारण ८ × १० इंच आकाराच्या असतात.

सैनिकांनी स्वतः काढलेली घरगुती छायाचित्रे व अल्बम हा संग्रहाचा वेगळा प्रकार मानला जातो. प्रकाशनासाठी तयार झालेले चित्र हा वृत्तछायाचित्राचा निकष आहे, मग ते प्रत्यक्षात छापले गेले असो वा नसो.

## इतिहास

### लाकडी ठशांचा काळ

१४ मे १८४२ रोजी लंडनमध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्यानंतर अमेरिकेत १८५७ साली ‘हार्पर्स वीकली’ सुरू झाले. त्या काळी छायाचित्र थेट वृत्तपत्राच्या पानावर छापण्याचे तंत्र उपलब्ध नव्हते. युद्धभूमीवर पाठवलेल्या चित्रकाराचे रेखाटन किंवा एखादे छायाचित्र समोर ठेवून कारागीर बॉक्सवुड लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरत. मोठ्या चित्रासाठी अनेक लहान ठोकळे एकत्र जोडले जात आणि ते वेगवेगळ्या कारागिरांकडे वाटून दिले जात. अशा चित्रांत ठोकळ्यांच्या सांध्यांच्या जागी बारीक पांढऱ्या सरळ रेषा दिसतात. जुना मूळ छाप ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.

क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटन यांनी १८५५ साली साडेतीनशेहून अधिक छायाचित्रे काढली. त्यांपैकी काहींवरून लाकडी ठसे कोरून ती सचित्र साप्ताहिकांत छापण्यात आली. त्याच युद्धावरील विल्यम सिम्प्सन यांच्या रंगीत शिळाछाप चित्रांचा संच १८५५-५६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धात मॅथ्यू ब्रेडी यांच्या न्यू यॉर्क येथील दालनात ऑक्टोबर १८६२ मध्ये अँटिएटमच्या रणांगणावरील मृतांची छायाचित्रे मांडण्यात आली. अलेक्झांडर गार्डनर यांनी १८६६ साली मूळ छायाचित्रे चिकटवलेला दोन खंडांचा युद्धसंग्रह प्रसिद्ध केला.

### हाफटोन आणि पहिले महायुद्ध

छायाचित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करून ते अक्षरांबरोबर छापण्याच्या तंत्राला हाफटोन म्हणतात. न्यू यॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकाने ४ मार्च १८८० रोजी या पद्धतीने छायाचित्र छापले. पुढील दोन दशकांत हे तंत्र सर्वत्र पसरले आणि कोरीवकाम करणाऱ्या कारागिरांचा धंदा हळूहळू संपुष्टात आला. मराठी वृत्तपत्रसृष्टीत धातूच्या पत्र्यावर तयार होणाऱ्या या ठशाला ‘ब्लॉक’ असेच म्हटले जाई.

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर कॅमेरे बाळगण्यास ब्रिटिश सैन्याने बंदी घातली आणि अधिकृत छायाचित्रकार नेमले. १९१६ पासून अर्नेस्ट ब्रुक्स हे त्यांपैकी पहिले होत. त्याच वर्षी लंडनच्या ‘डेली मेल’ने अधिकृत युद्धचित्रांची पोस्टकार्डे विक्रीस आणली. ती मोठ्या संख्येने छापली गेल्याने नवोदित संग्राहकांना आजही परवडतात.

### वायरफोटो आणि दुसरे महायुद्ध

१ जानेवारी १९३५ रोजी असोसिएटेड प्रेस (एपी) या अमेरिकी वृत्तसंस्थेने ‘वायरफोटो’ सेवा सुरू केली. दूरध्वनीच्या तारांमधून चित्र पाठवण्याच्या या सोयीमुळे एकच छायाचित्र त्याच दिवशी देशभरातील दैनिकांत छापता येऊ लागले. १९३६ साली अमेरिकेत ‘लाइफ’ आणि १९३८ साली ब्रिटनमध्ये ‘पिक्चर पोस्ट’ ही चित्रप्रधान साप्ताहिके निघाली.

दुसऱ्या महायुद्धात एपी, ॲक्मे, इंटरनॅशनल न्यूज फोटोज आणि ‘लाइफ’ यांनी आपल्या छायाचित्रकारांची चित्रे एकमेकांना देण्याची संयुक्त व्यवस्था केली होती. त्यामुळे एका संस्थेच्या छायाचित्रकाराने काढलेल्या चित्राच्या प्रतीवर दुसऱ्या संस्थेचा शिक्का आढळणे नेहमीचे आहे. ब्रिटनने १९४१ साली सैन्याचे चित्रपट व छायाचित्र पथक उभारले. अमेरिकी भूदलाची छायाचित्रे सिग्नल कोअरकडून येत आणि त्यांच्यावर ‘एससी’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असे. आज मूळ निगेटिव्ह शोधण्यासाठी हाच क्रमांक उपयोगी पडतो.

## प्रतींचे प्रकार

बाजारात ‘मूळ’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. अमेरिकेतील बेसबॉल छायाचित्रांच्या संग्राहकांनी रूढ केलेली चार गटांची वर्गवारी युद्धछायाचित्रांनाही लावली जाते.

* पहिला गट: मूळ निगेटिव्हवरून, छायाचित्र काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत काढलेली प्रत.
* दुसरा गट: मूळ निगेटिव्हवरूनच, पण दोन वर्षांहून अधिक काळानंतर काढलेली प्रत.
* तिसरा गट: दुय्यम निगेटिव्हवरून किंवा तारेने आलेल्या चित्रावरून, त्याच सुमारास तयार झालेली प्रत.
* चौथा गट: दुय्यम निगेटिव्हवरून किंवा तारेने आलेल्या चित्रावरून, फार नंतर काढलेली प्रत.

या वर्गवारीत पहिल्या गटाला सर्वाधिक किंमत मिळते. मात्र वृत्तपत्रांच्या इतिहासाच्या दृष्टीने तिसऱ्या गटातील वायरफोटोचे महत्त्व कमी नसते. दूरच्या शहरातील संपादकाने प्रत्यक्षात जे चित्र पाहिले आणि छापले, ते बहुधा तारेने आलेले असे. वायरफोटोत बारीक समांतर रेषा दिसतात, सावलीतील तपशील हरवलेला असतो आणि चित्राखालचा टंकलिखित मजकूर चित्राचाच भाग म्हणून आलेला असतो.

## प्रतीची मागची बाजू

जाणकार संग्राहक प्रत हाती घेताच प्रथम उलटून पाहतो. मागील बाजूस सर्वसाधारणपणे पुढील गोष्टी आढळतात.

वृत्तसंस्थेचा किंवा छायाचित्रकाराचा शिक्का. संस्थांची नावे व पत्ते काळानुसार बदलत गेल्याने शिक्क्यावरून प्रतीचा काळ ठरवता येतो. उदाहरणार्थ, ॲक्मे ही संस्था १९५२ साली युनायटेड प्रेसमध्ये विलीन झाली आणि युनायटेड प्रेस व इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस यांच्या एकत्रीकरणातून १९५८ साली युनायटेड प्रेस इंटरनॅशनल (यूपीआय) अस्तित्वात आली. १९४४ मधील घटनेच्या प्रतीवर केवळ यूपीआयचा शिक्का असेल, तर ती प्रत १९५८ नंतर काढलेली असण्याची शक्यता अधिक असते.

चिकटवलेला मजकूर. घटना, ठिकाण, तारीख आणि छायाचित्रकाराचे नाव सांगणारी टंकलिखित पट्टी प्रतीच्या मागे किंवा खालच्या कडेला चिकटवलेली असे. छापून आलेल्या चित्राचे कात्रणही अनेकदा तारखेसह मागे डकवले जाई.

सेन्सॉरचा शिक्का. प्रसिद्धीस परवानगी मिळाल्याची वा नाकारल्याची ही नोंद असते. जपानच्या ‘माइनिची शिंबुन’ या वृत्तपत्राने ‘परवानगी नाही’ असा शिक्का बसलेल्या प्रती जपून ठेवल्या आणि युद्धानंतर त्या ग्रंथरूपाने प्रसिद्धही केल्या. काय लपवले जात होते, याचा तो थेट पुरावा ठरला. अमेरिकेतही स्वतःच्या मृत सैनिकांची छायाचित्रे १९४३ पर्यंत रोखली जात होती. न्यू गिनीतील बुना येथील किनाऱ्यावर पडलेल्या तीन सैनिकांचे जॉर्ज स्ट्रॉक यांनी काढलेले छायाचित्र ‘लाइफ’ने २० सप्टेंबर १९४३ रोजी छापले, तेव्हा हे धोरण सैल झाल्याचे दिसून आले.

संपादकीय खुणा. चित्राचा कोणता भाग छापायचा हे दाखवणाऱ्या मेणाच्या पेन्सिलीच्या रेघा, रकान्यांची रुंदी आणि टक्केवारी अशा खुणा प्रतीच्या पुढे-मागे दिसतात. छपाईत आकृती उठून दिसावी म्हणून प्रतीवर काळ्या-पांढऱ्या रंगाने हात फिरवला जाई. पूर्वी अशा प्रती ‘खराब’ समजून स्वस्तात विकल्या जात. आता या खुणाच अभ्यासाचा विषय झाल्या आहेत, कारण वाचकापासून दूर ठेवलेला भागही त्यांतून कळतो.

मागील मजकूर पुरावा असला, तरी तो अंतिम सत्य नसतो. दुसऱ्या महायुद्धात एपी आणि जर्मन यंत्रणा यांच्यात लिस्बन व स्टॉकहोम या तटस्थ शहरांमार्गे छायाचित्रांची देवाणघेवाण होत होती, हे एपीने स्वतः २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद केले. त्यामुळे अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शिक्क्याची काही चित्रे मुळात जर्मन प्रचारयंत्रणेच्या छायाचित्रकारांची आहेत. व्हिएतनाममधील ८ जून १९७२ रोजीच्या, नापाम हल्ल्यातून पळणाऱ्या मुलांच्या प्रसिद्ध छायाचित्राचे श्रेय पन्नास वर्षे निक उट यांना दिले जात होते. त्याविषयी शंका उपस्थित झाल्यावर वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने मे २०२५ मध्ये हे श्रेय स्थगित केले, तर एपीने ते कायम ठेवले.

## सत्यता व कालनिश्चिती

प्रत जुनी आहे की नंतर काढलेली आहे, हे ठरवण्यासाठी संग्राहक काही साध्या कसोट्या वापरतात.

* भिंगातून पाहणी: चित्रात नियमित ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छायाचित्राची प्रत नसून छापील चित्र असते. छापील चित्रावरून पुन्हा छायाचित्र काढलेले असेल, तरीही ही जाळी दिसते.
* अतिनील प्रकाश: १९५० च्या दशकापासून छायाचित्राच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायने मिसळली जाऊ लागली. अतिनील प्रकाशात असा कागद निळसर चमकतो. १९४५ ची म्हणून विकली जाणारी प्रत चमकू लागली, तर ती नंतरची आहे. मात्र न चमकणारी प्रत जुनीच असेल असे नाही. अमेरिकी छायाचित्रकार लुईस हाइन यांच्या नावाने विकल्या गेलेल्या काही प्रती त्यांच्या मृत्यूनंतर काढल्याचे १९९० च्या दशकाच्या अखेरीस उघड झाले, त्यात ही कसोटी महत्त्वाची ठरली.
* कागदाचा प्रकार: प्लास्टिकसारखा थर असलेला रेझिन-कोटेड कागद १९७० च्या सुमारास रूढ झाला. महायुद्धकालीन प्रत अशा कागदावर असू शकत नाही.
* चांदीची झळाळी: जुन्या प्रतीच्या गडद भागात व कडांना आरशासारखी निळसर झळाळी येते. हे वयाचे स्वाभाविक लक्षण असून त्याची नक्कल करणे कठीण असते.

प्रतीची सत्यता आणि चित्रातील घटनेची सत्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फेंटन यांच्या तोफगोळ्यांनी भरलेल्या दरीच्या छायाचित्राच्या दोन आवृत्त्या उपलब्ध असून एकीत रस्त्यावर गोळे आहेत, तर दुसरीत नाहीत. १८६३ साली गेटिसबर्ग येथे गार्डनर यांच्या पथकाने काढलेल्या एका छायाचित्रासाठी सैनिकाचा मृतदेह हलवण्यात आला होता, असे विल्यम फ्रॅसानिटो यांच्या संशोधनातून पुढे आले. स्पेनच्या यादवी युद्धातील कोसळत्या सैनिकाचे रॉबर्ट कापा यांचे छायाचित्र २३ सप्टेंबर १९३६ रोजी फ्रान्समधील ‘व्ह्यू’ साप्ताहिकात छापले गेले. त्याचे ठिकाण व प्रसंग यांविषयी आजही वाद आहे. अशा चित्राची १९३६ मधील प्रत अस्सल असू शकते, परंतु तिच्यावरून तो वाद मिटत नाही.

## दोन ध्वजांची छायाचित्रे

दुसऱ्या महायुद्धातील दोन अतिपरिचित छायाचित्रांवरून एकाच चित्राच्या निरनिराळ्या प्रतींचे महत्त्व स्पष्ट होते.

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावरील सुरिबाची डोंगरावर अमेरिकी सैनिक ध्वज उभारत असताना एपीचे जो रोझेन्थाल यांनी छायाचित्र काढले. फिल्म ग्वाम बेटावर धुण्यात आली, मूळ आडवे चित्र तेथे कापून उभे करण्यात आले आणि रेडिओ लहरींद्वारे अमेरिकेस पाठवण्यात आले. २५ फेब्रुवारीच्या रविवारच्या अंकांत लोकांनी पाहिले ते हे कापलेले चित्र होय. १९४५ चे पुलित्झर पारितोषिक या छायाचित्रास मिळाले. ध्वज उभारणाऱ्या सैनिकांच्या नावांत १९४७, २०१६ आणि २०१९ अशी तीनदा दुरुस्ती करावी लागली. २०१६ आणि २०१९ च्या दुरुस्त्यांमागे हौशी अभ्यासकांनी त्याच दिवशीच्या इतर छायाचित्रांतील व चित्रफितीतील शिरस्त्राणे, पट्टे व साहित्य यांची बारकाईने केलेली तुलना होती. प्रसिद्ध चित्राच्या आसपासची ‘दुय्यम’ चित्रे जपली गेली नसती, तर ही चूक उघड होणे अवघड होते.

२ मे १९४५ रोजी सोव्हिएत छायाचित्रकार येवगेनी खाल्देई यांनी बर्लिनमधील राइशस्टाग इमारतीवर ध्वज फडकवणाऱ्या सैनिकांचे छायाचित्र काढले. ध्वजधारकाला आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. त्यावरून लुटीचा संशय येईल, म्हणून एक घड्याळ निगेटिव्हवरून खरवडून टाकण्यात आले. १३ मे १९४५ च्या ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात हे छायाचित्र प्रसिद्ध झाले. पुढे काही प्रतींत पार्श्वभूमीला धुराचे लोटही मिसळण्यात आले. घड्याळ आणि धूर यांवरून या चित्राच्या आवृत्त्यांचा क्रम लावता येतो.

## भारत आणि महाराष्ट्र

भारतातील युद्धछायाचित्रणाचा आरंभ १८५७ च्या उठावाशी निगडित आहे. फेलिचे बेआतो यांनी १८५८ साली लखनौ येथील सिकंदर बागेसह उद्ध्वस्त वास्तूंची छायाचित्रे काढली. पहिल्या महायुद्धात १९१५ साली फ्रान्समधील भारतीय सैनिकांची छायाचित्रे एच. डी. गर्डवुड यांनी काढली असून ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. २ जानेवारी १९०९ रोजी सुरू झालेले ‘फौजी अखबार’ हे सैनिकांसाठीचे नियतकालिक १९५४ पासून ‘सैनिक समाचार’ या नावाने ओळखले जाते आणि ते मराठीतही निघते. त्याचे जुने अंक भारतीय सैन्याच्या सचित्र इतिहासाचे साधन मानले जातात.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर लढलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे (जुलै १९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (एप्रिल १९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या आघाडीवरील ब्रिटिश सैन्याची छायाचित्रे लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये ‘एनए’ या मालिकेत, तर ब्रह्मदेश व आग्नेय आशियातील छायाचित्रे ‘एसई’ मालिकेत आहेत. आजोबा-पणजोबांच्या पलटणीचा शोध घेणाऱ्या महाराष्ट्रातील कुटुंबांना या मालिकांचा उपयोग होऊ शकतो. मात्र त्या काळच्या मजकुरात भारतीय सैनिकांची नावे अनेकदा दिलेली नसत किंवा इंग्रजी कानाने ऐकून चुकीची लिहिलेली असत. म्हणून नावापेक्षा पलटण, ठिकाण आणि तारीख यांवरून शोध घेणे अधिक फलदायी ठरते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टायकिन’ या दारूगोळा वाहणाऱ्या जहाजावर प्रचंड स्फोट झाले. दुसऱ्याच दिवशी जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने ही बातमी सविस्तर दिली. परंतु ब्रिटिश सेन्सॉरने वार्ताहरांना वृत्त पाठवण्याची मुभा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दिली. या घटनेच्या प्रतींवर छायाचित्र काढल्याची व प्रसिद्धीची तारीख यांत पडलेले अंतर म्हणूनच अर्थपूर्ण असते.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची छायाचित्रे ‘द स्टेट्समन’ने इयान स्टीफन्स यांच्या संपादकत्वाखाली २२ ऑगस्ट १९४३ रोजी छापली, आणि दुष्काळाची भीषणता जगासमोर आली. याच दुष्काळाची सुनील जाना यांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ या कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. चित्तप्रसाद यांच्या रेखाटनांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक सरकारने जप्त करून नष्ट केले. कुटुंबीयांकडे उरलेल्या एका प्रतीवरून २०११ साली त्याची पुनरावृत्ती निघू शकली.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाय व्यारावाला या १९४२ पासून दिल्लीत ब्रिटिश माहिती खात्यात काम करत होत्या. त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धाची किशोर पारेख आणि रघू राय यांनी काढलेली छायाचित्रे या क्षेत्रात विशेष महत्त्वाची मानली जातात.

महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईमुळे भारतीय वृत्तपत्रांची पृष्ठसंख्या घटली होती आणि चित्रांना कमी जागा मिळे. हलक्या प्रतीच्या कागदावरील हे अंक आता ठिसूळ झाले आहेत. घरोघरचे जुने अंक रद्दीत गेल्याने ग्रंथालयांतील बांधीव फायली हाच अभ्यासाचा मुख्य आधार उरला आहे.

## बाजारपेठ आणि विखुरलेले संग्रह

मोठ्या वृत्तपत्रांकडे संदर्भासाठी वर्गवारीने लावलेल्या प्रतींची दालने असत. इंग्रजी वृत्तपत्रांच्या परिभाषेत त्यांना ‘मॉर्ग’ म्हणजे शवागार म्हणतात. ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या अशा दालनात ५० ते ७० लाख छायाचित्रे असल्याचे सांगितले जाते आणि २०१८ साली गूगलच्या साहाय्याने त्यांचे संगणकीकरण सुरू झाले.

डिजिटल छायाचित्रण आल्यानंतर अनेक वृत्तपत्रांनी जागेचा खर्च वाचवण्यासाठी कागदी प्रती विकल्या आणि त्या ऑनलाइन लिलावांत एकेक करून बाहेर पडू लागल्या. सामान्य संग्राहकाला या वस्तू परवडू लागल्या त्या यामुळेच. परंतु एका पाकिटात एकत्र असलेल्या, एकाच घटनेच्या प्रती वेगवेगळ्या देशांत विखुरल्याने त्यांचा परस्परसंबंध तुटला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील काही वृत्तपत्रांनी संगणकीकरणाच्या बोलीवर आपल्या प्रती अमेरिकेतील एका व्यापाऱ्याकडे सोपवल्या होत्या. तो व्यवसाय फसवणुकीच्या प्रकरणात कोसळला आणि लाखो प्रती दीर्घकाळ न्यायालयीन प्रक्रियेत अडकून पडल्या.

काही संग्रह मात्र एकत्र राहिले. ब्लॅक स्टार या संस्थेच्या सुमारे २,९२,००० प्रती २००५ साली टोरांटोतील विद्यापीठाला मिळाल्या. मॅग्नम फोटोजच्या न्यू यॉर्क कार्यालयातील सुमारे दोन लाख प्रती ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहेत. स्पेनच्या यादवी युद्धातील कापा, गेर्डा टारो व डेव्हिड सेमूर यांच्या सुमारे ४,५०० निगेटिव्ह मेक्सिको सिटीत सापडल्या आणि डिसेंबर २००७ मध्ये न्यू यॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीकडे आल्या.

जुन्या सचित्र साप्ताहिकांच्या बाबतीत बांधीव खंड फोडून सुटी पाने विकण्याची प्रथा आहे. अशी अनेक पाने विक्रीपूर्वी हाताने रंगवली जातात. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’च्या नेहमीच्या अंकांतील लाकडी ठशांची चित्रे बहुतांशी काळ्या शाईतच छापलेली असल्याने अशा पानावरील रंग बहुधा नंतरचा असतो.

## जतन

छायाचित्राच्या प्रतींना उष्णता, दमटपणा, प्रकाश आणि आम्लयुक्त कागद यांपासून धोका असतो. युद्धकाळात घाईने धुतलेल्या प्रतींत हायपोचे अंश राहून गेल्याने त्या पिवळ्या पडतात. सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर ठेवणे योग्य मानले जाते. मुंबई व कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात बुरशी, कसर आणि वाळवी यांचा त्रास होतो. तेथे बाहेरील भिंतीला लागून असलेली कपाटे टाळणे, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलणे आणि कोरड्या दिवसांत संग्रह तपासणे हिताचे ठरते. डांबरगोळ्या प्रतींच्या संपर्कात येऊ देऊ नयेत.

प्रती पॉलिएस्टरच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवाव्यात. पीव्हीसीची पाकिटे, चिकटपानांचे अल्बम, सेलोटेप आणि लॅमिनेशन यांनी कायमचे नुकसान होते. नवी नोंद करायची झाल्यास ती मागील बाजूस कडेला मऊ पेन्सिलीने करावी, बॉलपेनने करू नये. मागचा जुना मजकूर पिवळा पडला वा सुटू लागला, तरी काढून टाकू नये. तो सुटा झाल्यास त्याच प्रतीच्या पाकिटात ठेवावा. संगणकीकरण करताना दोन्ही बाजूंची प्रतिमा घेणे आवश्यक मानले जाते. वृत्तपत्राचे अंक घडी न घालता, आडवे व अंधारात ठेवावेत.

## कायदेशीर बाबी

प्रत विकत घेतल्याने तिची मालकी मिळते, प्रताधिकार मिळत नाही. भारतात २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्राचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकत असे. आता तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतो. अमेरिकी संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून काढलेली छायाचित्रे अमेरिकेत प्रताधिकारमुक्त असतात. ब्रिटिश सरकारी प्रताधिकाराखालील १ जून १९५७ पूर्वीच्या छायाचित्रांचा प्रताधिकार, ती काढल्यापासून ५० वर्षांनी संपला. शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू भारताबाहेर नेण्यावर पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये निर्बंध आहेत.

## नैतिक प्रश्न

युद्धछायाचित्रांत मृत, जखमी, कैदी आणि उपासमारीने खंगलेली माणसे दिसतात. त्यांनी चित्रासाठी संमती दिलेली नसते आणि बहुतेकांची नावेही नोंदलेली नसतात. अशा प्रतींचा लिलाव करणे व त्या शोभेची वस्तू म्हणून मांडणे यांवर आक्षेप घेतले जातात. दुसरीकडे, सरकारांनी दडपलेल्या घटनांचे पुरावे अनेकदा व्यक्तींनी जपलेल्या प्रतींमुळेच वाचले आहेत. योसुके यामाहाता यांनी १० ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीत काढलेल्या छायाचित्रांपैकी काही ‘लाइफ’मध्ये २९ सप्टेंबर १९५२ रोजी, म्हणजे अमेरिकेचा जपानवरील ताबा संपल्यावर छापली गेली. मधल्या सात वर्षांत निगेटिव्ह सांभाळून ठेवल्या गेल्या होत्या, म्हणूनच हे शक्य झाले.

संग्राहकाने मूळ मजकुरासह प्रत जपावी, आपल्याकडील वस्तू कोठून आली याची नोंद ठेवावी, एकत्र आलेले संच फोडू नयेत आणि अभ्यासकांना ते पाहू द्यावेत, असा संकेत या क्षेत्रात मानला जातो.

## हेही पहा

* वृत्तछायाचित्रण
* हाफटोन
* सेन्सॉरशिप
* मुंबई बंदरातील स्फोट (१९४४)
* बंगालचा दुष्काळ (१९४३)
* होमाय व्यारावाला